आमचा ओटा

१४ जानेवारी

वहिनींचा फोन. म्हणाल्या, “माळ्यावर गळतीखाली पातेली ठेवून ठेवून स्वयंपाकाला एकच उरलंय. त्यात भात केला की भाजी वाट बघत बसते.” हसत सांगत होत्या, पण मला काही हसू आलं नाही.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांना वहिनीच म्हणते. घर सासऱ्यांचं, दुमजली, कौलारू, लाकडी जिन्याचं. सासरे गेले, सासूबाई गेल्या, मागोमाग थोरले दीरही गेले. आता एवढ्या घरात वहिनी एकट्या. मी तिथे जेमतेम तीन वर्षं नांदले, मग आम्ही दोघं इकडे परदेशात आलो ते आलोच. सून म्हणून नाव माझंही लागलं, पण घर सांभाळलं त्यांनी.

ह्यांची नोकरी या सप्टेंबरात संपते. मीही तेव्हाच सोडणार. मग परत जायचं आणि त्याच घरात वहिनींबरोबर राहायचं, हे आमचं कधीचं ठरलेलं आहे. मग ते घर गळकं कशाला ठेवायचं? जेवताना विषय काढला. हे म्हणाले, “बघू.” ह्यांचं ‘बघू’ म्हणजे मला मोकळं रान.

इथे भाड्याच्या फ्लॅटमध्ये खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारायचं, आणि मालक आठवडाभर विचार करणार. एकदा तरी मनासारखं घर करून बघायचंय. म्हणून आजपासून ही वही. रोज लिहीनच असं नाही.

२५ जानेवारी

वहिनींनी मिस्त्री शोधला. कशालाही “होऊन जाईल” म्हणतो. कौलं? होऊन जाईल. जिन्याच्या कुजलेल्या पायऱ्या? होऊन जाईल. पावसाच्या आत? होऊन जाईल. मी त्याचं नाव होऊनजाईल मिस्त्री ठेवलं. वहिनी इतक्या हसल्या की फोन गदगदा हलला.

मिस्त्रीचे हात कायम चुन्याने भरलेले, त्यामुळे व्हिडिओ कॉल करायचा तर फोन वहिनींनी धरायचा. आज त्यांनी मला सगळं घर दाखवलं. मला दिसलं ते असं: छत, वहिनींचा अंगठा, जिन्याची एक पायरी, परत अंगठा. “वहिनी, कॅमेरा फिरवा.” “अगं, कॅमेरा कशाला, मीच फिरतेय.” शेवटी दमून खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “आपलं घर एकदाचं होऊ दे नीट. मग मी त्या माळ्यावर पाऊल टाकणार नाही, आत्ताच सांगून ठेवते.”

कौलं पूर्वीसारखीच हवीत, पत्रा नको, यावर आमच्या दोघींचं एकमत झालं. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, “तू इथून उंटावरून शेळ्या हाक.” हाकीन. डेपोत दुसरं काय करते मी? बस माझ्या डोळ्यांना दिसत नाहीत, ड्रायव्हर दिसत नाहीत, तरी कुणी कुठली बस कधी न्यायची ते मीच लावून देते आणि बस वेळेवर सुटतात.

८ फेब्रुवारी

रविवार. जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरून नकाशा काढला. खाली बाहेरची खोली आणि मधली खोली यांच्यामधली भिंत काढायची, म्हणजे ऐसपैस दिवाणखाना होईल. मधली तशीही अंधारीच. स्वयंपाकघराला मागे मोठी खिडकी, नवा ओटा. जिन्याखाली न्हाणीघर. वर पुढची खोली आमची, मागची लेकीची, ती सुट्टीला येईल तेव्हा. सगळं कसं चपखल बसलं.

लेक जेवायला आली होती. नकाशा बघून म्हणाली, “काकू कुठे झोपणार?”

“कुठेही! घर तिचंच आहे.”

“कुठेही म्हणजे कुठे?”

ही पोरगी लहानपणापासून अशीच, समोरच्याला शब्दात पकडणारी. आणि स्वतःचं मराठी ऐका: “आई, आम्ही आता आइस्क्रीम खाऊया?” मी म्हटलं, “आम्ही नाही गं, आपण. ‘आम्ही’ म्हटलंस की मी उपाशी राहते.” ती तरी काय करणार, तिच्या ऑफिसच्या भाषेत दोन्हीला एकच शब्द.

१५ फेब्रुवारी

वहिनींना नकाशा समजावून सांगितला. मधली भिंत काढायची म्हटल्यावर त्यांनी “मधलीच?” असं विचारलं, मग “बरं” म्हणाल्या. मला आठवलं, त्या तिथेच झोपतात. विचारलं, “तुमचा पलंग?” तर म्हणतात, “पलंगाचं काय, त्याला चार पाय असतात.” केवढ्याने हसले मी.

खरंच मनमिळाऊ बाई. दुसरी कुणी जाऊ असती तर एवढ्यात कोर्टाची पायरी चढावी लागली असती.

१ मार्च

भिंत पडली. मिस्त्रीने आधी तुळईला आधार दिला, मग एकेक दगड काढला. वहिनी तोंडाला पदर लावून फोन धरून उभ्या होत्या. मला फक्त धूळ दिसली. धूळ बसल्यावर एकदम उजेड आला, पुढच्या दारापासून पार स्वयंपाकघरापर्यंत. मी इकडे टाळ्या वाजवल्या. वहिनी म्हणाल्या, “उजेड आला खरा.”

घर पाहावं बांधून म्हणतात ते काही खोटं नाही. मी तर नुसतं बघतेय तरी माझा घसा बसला.

१३ मार्च

आज मिस्त्रीला चांगलं झापलं. त्याचं असं झालं.

ओट्याची उंची मी नकाशावर लिहून दिली होती. जुना ओटा ठेंगणा. त्या तीन वर्षांत त्याच्यापुढे वाकून वाकून माझ्या पाठीची कमान झाली होती. मी ताडमाड आणि वहिनी माझ्या खांद्याला लागतात. सासूबाई म्हणायच्या, “एकीला शिडी लागत नाही आणि एकीला वाकावं लागत नाही, दोन सुनांत माझं एक घर होतं.” तर नवा ओटा माझ्या मापाचा करायचा, हे मी पहिल्या दिवशीच ठरवलेलं. या घरात मला दुसरं काही मिळालं नाही तरी चालेल, पण ओटा.

आणि मिस्त्री म्हणतो, “ताई म्हणतात एवढा उंच नको, जुन्याइतकाच ठेवू.” ताई म्हणजे वहिनी. गेल्या आठवड्यात खिडकीचंही तेच. मी मोठी सांगितली, तर “ताई म्हणतात ऊन येईल.” डेपोत मी रोज बघते, एका बसला दोन साहेब झाले की बस जागची हलत नाही. माझी जी सटकली! म्हटलं, “हे बघा, घर आमचं आहे. आम्ही सांगू तसं करायचं. ओटा माझ्या मापाचाच हवा.”

“होऊन जाईल मॅडम,” लांबून आवाज आला. पडद्यावर नेहमीप्रमाणे छत आणि अंगठा. तेवढ्यात फोन बंद पडला. वहिनींकडे रेंजचा त्रास आहेच.

ओटा वहिनींना उंच पडेल, हे मला कळत नाही असं नाही. ऑफिसला जाताना बसमधूनच मिस्त्रीला निरोप पाठवला, ताईंसाठी एक भक्कम स्टूल करून घ्या, चांगल्या लाकडाचं. वेळच्या वेळी बोललं की पुढचे घोळ टळतात.

२२ मार्च

गंमत. वहिनींनी फोन केला, “तुमच्या ओट्याला दगड काळा घ्यायचा का करडा?”

तुमच्या! मला आयुष्यभर अगंतूगं करणाऱ्या वहिनी अहोजाहोवर आल्या. मी म्हटलं, “वहिनी, मला मान कधीपासून द्यायला लागलात?”

“मान नाही गं. काळा की करडा ते सांग.”

काळा सांगितला. डाग दिसत नाहीत.

५ एप्रिल

सकाळी मिस्त्रीचाच फोन, त्याच्या स्वतःच्या मोबाइलवरून. म्हणाला, ताई तात्पुरत्या दुसरीकडे राहायला गेल्या, मागच्या गल्लीत चष्म्याच्या दुकानावर खोली आहे तिथे. धुळीचा त्रास होतो म्हणाल्या. मला हायसं वाटलं. मीच सुचवायला हवं होतं, त्या वयात एवढी धूळ बरी नव्हे. पलंग नेला, कपाट नेलं, शिलाई मशीन नेलं. आणि म्हणे सगळी पातेली नेली.

पातेली कशाला, असं एकदा मनात आलं. पण असो, चुन्यात माखून खराब होण्यापेक्षा बरं.

आता फोन मिस्त्री एका पोत्यावर टेकवून ठेवतो. चित्र स्थिर येतं, सगळं नीट दिसतं. कामाला कसा वेग आलाय.

३ मे

कौलं चढली. आढ्याजवळचे दोन वासे बदलून झाले. नव्या कौलांचा रंग जरा जास्तच लाल वाटतो, पण दोन पावसाळ्यांत मुरेल म्हणतात. मिस्त्रीने वरून खाली बादलीभर पाणी ओतून दाखवलं, आत थेंब नाही. मी एवढी खूश झाले की ऑफिसात सगळ्यांना फोटो दाखवला. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, “तुझं घर?” मी म्हटलं, “हो, माझं.” तिला जाऊ, दीर, सासरे कुठे समजावत बसू?

वहिनींचा फोन आता आठवड्याने येतो, तोही काही अडलं तर. पूर्वी न अडताही यायचा. कोण भेटलं, कुणाचे गुडघे धरले, कुणाच्या सुनेने काय केलं, सगळं मला इथे बसून माहीत असायचं. आता “तुमच्या जिन्याला कठडा कसला?” असं विचारतात, मी सांगते, की ठेवला फोन. विचारलं, “घसा बरा नाही का?” म्हणाल्या, “घसा बरा आहे.”

मला करमत नाही, खरं सांगायचं तर. बसमध्ये वहिनींशी गप्पा मारायची सवय झाली होती. आता खिडकीबाहेर बघत जाते.

२४ मे

स्टूल तयार झालं. मिस्त्रीने फोटो पाठवला, झकास दिसतंय, पाय कोरीव. विचारलं, ताईंना दाखवलंत का? “दाखवलं मॅडम. म्हणाल्या, छान आहे, कुंडी ठेवायला होईल.”

वहिनींच्या जिभेला हाड नाही. जाऊ दे, चढतील आपोआप.

७ जून

आज सकाळपासून काही सुधरत नाही. जसं झालं तसं लिहून काढते.

मिस्त्री म्हणाला, दारावरची पाटी रंगवायचीय. सासऱ्यांचं नाव पुसट झालंय, ते गडद करतो, खाली तुमचं दोघांचं घालतो. म्हटलं, “आणि ताईंचं?” तर म्हणाला, “ताई म्हणाल्या त्यांचं घालू नका. त्या आता इथे राहत नाहीत.”

“राहत नाहीत म्हणजे? काम संपलं की येतीलच ना?”

“मला काय माहीत मॅडम. खोली त्यांनी वर्षाच्या कराराने घेतलीय.”

मी लगेच वहिनींना फोन लावला. मागे कुणीतरी दुकानात बोलत होतं. म्हटलं, “वहिनी, घरी कधी येताय?”

“कुणाच्या?”

“कुणाच्या म्हणजे? घरी!”

“तुम्ही या आधी. तुमचं घर छान झालंय,” म्हणाल्या. आवाजात राग नाही, रडू नाही. दुकानदार गिऱ्हाइकाशी बोलतो तसा सरळ आवाज.

तुमचं. तुमचा ओटा, तुमचा जिना, तुमचं घर. आणि मी समजत होते, मला मान देतायत.

हे पेपर वाचत होते. सांगितलं तर म्हणतात, “तुला आत्ता कळलं? माझ्याशीही मार्चपासून तसंच बोलतात. भाऊजी, तुमचं छप्पर असं झालं, तुमचा जिना तसा झाला. पूर्वी ‘आपलं’ म्हणायच्या.”

“मग मला सांगितलं का नाहीत?”

“मला वाटलं, तुमच्या दोघींत काही ठरलंय.”

बघू म्हणणारा माणूस! बघत बसला नुसता! मी फार ओरडले. हे पेपर घडी करून उठून गेले, आणि मग मला रडू आलं.

नंतर ही वही चाळली. तेरा मार्चपाशी थांबले. माझ्याच अक्षरात आहे: घर आमचं आहे. पण यात चूक काय? मिस्त्रीशी बोलताना ‘आमचं’च म्हणायला हवं. ‘आपलं’ म्हटलं असतं तर मिस्त्री वाटेकरी झाला असता! ‘आमचं’ म्हणजे माझं, ह्यांचं आणि वहिनींचं, मिस्त्री सोडून. लेकीला मीच तर शिकवते. व्याकरण सगळं माझ्या बाजूने आहे. तरी मी ते पान परत परत वाचतेय.

१४ जून

रजा मिळाली. हे सप्टेंबरशिवाय निघू शकत नाहीत, मी एकटी पुढे जाणार. वहिनींना येतेय म्हणून कळवलं. “ये. किल्ली मिस्त्रीकडे आहे,” एवढंच उत्तर.

लेकीला सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हणेल, आई, तुझी काही चूक नाही. ती म्हणाली, “पण आई, तू काकूला खोली दिलीच नव्हतीस.” म्हटलं, “अगं, पण घर तिचंच…”

२ जुलै

पोचले. मिस्त्री दारात उभा होता, अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून. आज प्रथमच त्याचे हात स्वच्छ बघितले.

घर मी सांगितलं होतं तसं झालंय. अगदी तसं. खिडकीतून मागचं झाड दिसतं, जिना करकरत नाही, कठडा हाताला गुळगुळीत लागतो. पुढच्या दारात उभं राहिलं की थेट ओट्यापर्यंत नजर जाते. मिस्त्री माझ्या तोंडाकडे बघत होता. म्हटलं, “फार सुंदर केलंत.” त्याला बरं वाटलं. किल्ली देऊन गेला.

मग मी दिवाणखान्यात एकटी फिरले. वहिनींचा पलंग कुठे लागेल ते बघत होते. खिडकीखाली लावला तर येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणार. खांबापाशी लावला तर जिन्याची वाट अडते. स्वयंपाकघराच्या दाराशी लावला तर ती वाटच. वर जिना चढवायचा तर त्यांचे गुडघे. एवढं मोठं घर, आणि एक पलंग मावेल असा कोपरा मी ठेवलेला नाही. नकाशावर हे दिसलं नव्हतं. कदाचित मी बघितलं नव्हतं.

चहा केला. ओटा बरोबर माझ्या मापाचा आहे. पाठ अजिबात दुखली नाही.

३ जुलै

दहाच्या सुमारास गेले. चष्म्याच्या दुकानाच्या बाजूने अरुंद जिना आहे. वर दार उघडंच होतं. वहिनी मशीनवर बसून कसली तरी उशी शिवत होत्या.

“आलीस? वाळलीस किती,” म्हणाल्या आणि पाय मारणं थांबवलं नाही. शिवण संपवली, दोरा तोडला, मग उठल्या. “बस. चहा टाकते.”

खोली लहानशीच. पलंग, कपाट, मशीन, दोन खुर्च्या. खिडकीशी बुटक्या टेबलावर शेगडी, त्यांच्या कोपराखाली बरोबर येणारी. रस्त्यावरचे आवाज येतात. मी विमानात पाठ केलेलं वाक्य काढलं. “वहिनी, माझं काही चुकलं असेल तर…”

“असेल तर?”

विमानातलं वाक्य तिथेच संपलं.

मग मी खरं काय ते बोलले. म्हटलं, “त्या दिवशी ओट्यावरून मी मिस्त्रीशी बोलत होते. घर आमचं म्हणजे तुमचं-माझं. त्याचं नाही, एवढंच मला म्हणायचं होतं.”

“फोन कुणाच्या हातात होता?”

“तुमच्या.”

वहिनींनी साखर घातली, ढवळली. “मिस्त्री तिकडे खिडकीपाशी घमेलं घेऊन उभा. तुझा आवाज माझ्या मुठीतून येत होता. घर आमचं आहे, आम्ही सांगू तसं करायचं. मी आधी वळून बघितलं, तो आहे ना मागे म्हणून. म्हटलं, त्यालाच म्हणाली असेल. दोन दिवस स्वतःला तेच सांगत होते. मग ते स्टुलाचं कळलं.”

“स्टूल तुमच्या सोयीसाठी होतं, वहिनी.”

“माहितेय गं. तू वाईट नाहीस. वाईट असतीस तर कचाकचा भांडले असते आणि तिथेच राहिले असते. भिंत पाडलीस त्याचंही मला काही वाटलं नव्हतं. अंधारीच होती खोली. पण माझ्याच स्वयंपाकघरात मी स्टुलावर चढून भाजी परतायची, म्हणजे मी तिथे कोण, ते कळलं.”

मी म्हटलं, “ओटा फोडते. उद्याच फोडते. भिंत परत घालते.”

“आता परत फोडाफोडी? त्याला सांगितलंस तर म्हणेलही, होऊन जाईल.”

दोघींना हसू फुटलं. मला हसता हसता रडू आलं आणि थांबेना. वहिनींनी माझ्या पाठीवर हात ठेवला, पण गप्प बस म्हणाल्या नाहीत. रडू ओसरल्यावर मी म्हटलं, “चला ना परत.”

“नाही.”

रागाने नाही म्हणाल्या असत्या तर राग उतरायची वाट बघितली असती. त्या शांतपणे कपबशी माझ्यासमोर ठेवत म्हणाल्या.

“आले तेव्हा रागाने आले, खोटं कशाला बोलू? म्हटलं, ही विचारेल, वहिनी, का गेलात, कधी येताय. एप्रिल गेला, मे गेला. तू मला कठड्याचा रंग सांगत होतीस. तोवर इथलं बरं वाटायला लागलं. खाली दुकानात माणसं येतात, बोलतात. उशा, पडदे शिवायला देतात. कप ठेवीन तिथेच सापडतो.” मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “त्या घरात सगळं आपलं होतं. आपलं म्हणत सासऱ्यांचं केलं, सासूबाईंचं केलं, ह्यांचं केलं. माझं म्हणायची कधी गरज पडली नाही, आणि म्हटलंही नाही. इथे आल्यावर एकदा मोठ्याने म्हणून बघितलं, माझी खोली. मला बरं वाटलं.”

मी चहा प्यायले. त्यांनी कठडा कसा झालाय ते विचारलं, मी सांगितलं. निघताना म्हणाल्या, “रविवारी जेवायला ये.”

घरी येऊन लिहितेय. एक प्रश्न सुटत नाही. मी खरंच मिस्त्रीला म्हणत होते का? ते वाक्य आठवतं, ती चीड आठवते. चीड कुणावर होती, ते मात्र आठवत नाही, असं लिहिणार होते. आठवतं.

५ जुलै

मिस्त्री पाटी घेऊन आला होता. सासऱ्यांचं नाव गडद केलंय, खाली जागा मोकळी. “काय घालू मॅडम?” म्हटलं, आत्ता काही घालू नका, आहे तशी लावा. जाताना त्याने विचारलं, ताई कधी येणार? मी म्हटलं, माहीत नाही. पहिल्यांदा तो होऊन जाईल म्हणाला नाही.

दुपारी वहिनींकडे गेले. त्यांनी मला कशालाही हात लावू दिला नाही. खुर्चीत बसवून वाढलं, आग्रह केला, पुन्हा वाढलं. पाहुण्यांना वाढतात तसं. मी पोटभर जेवले. त्यांनी मला गल्लीतल्या सगळ्या बातम्या सांगितल्या, कुणाचे गुडघे, कुणाची सून. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

चारला ह्यांचा फोन. “काय गं, आज नव्या ओट्यावर काय केलंस?”

“काही नाही. वहिनींनी जेवू घातलं.”

“अरे वा! म्हणजे वहिनी आल्या आपल्या घरी!”

“नाही,” मी म्हटलं. “मी गेले होते. त्यांच्या घरी.”